नऊ ते पावणेदहा

भैरोबाच्या जत्रेला पाच दिवस उरले की
सूसच्या माळावर बांबू उभे राहतात,
आणि मी घरातल्या गोधड्या मोजायला घेते.
बाल्कनीच्या काचेला दोन, बेडरूमच्या खिडकीला एक,
दाराखालच्या फटीला जुना टॉवेल.
नव्यानं राहायला आलेल्या निंबाळकर वहिनी विचारतात,
"एवढ्या उन्हाळ्यात गोधड्या?"
"बटरसाठी," मी म्हणते.
त्यांना वाटतं, मी फ्रीजबद्दल बोलतेय.

बटर म्हणजे आमचा कुत्रा.
बेकरीच्या बाकाखाली सापडला, रंगही तोच, आणि तसाच टणक.
एरवी कुणाच्या बापाला न भिणारा,
घंटागाडीचा जन्माचा वैरी.
पहिल्या वर्षी आम्हाला ठाऊक नव्हतं.
पहिला बार उडाला आणि हा
चार मजले जिन्यानं, गेटमधून, थेट हायवेच्या दिशेनं
नाहीसा.
पहाटे तीनला पाषाण तलावापाशी सापडला.
पंजे रक्ताळलेले.
उन्मेषनं त्याला शर्टात गुंडाळलं
आणि रिक्षावाल्यानं मीटर टाकलाच नाही.
तेव्हापासून त्याच्या पट्ट्यावर आमचा नंबर आहे
आणि माझ्या पोटात ती तारीख.

यंदा मी सरळ माळावर गेले.
दारूकामवाले हुसेनभाई
कागदाच्या नळीत अंगठ्यानं काहीतरी ठासत होते.
बाजूला वाळूच्या बादल्या, पाण्याचं पिंप.
"किती वाजता?" मी विचारलं.
त्यांनी उजवा कान पुढं केला.
डावा चाळीस वर्षांपूर्वीच जत्रेला वाहिला, म्हणाले.
"नवाच्या ठोक्याला सुरू. पावणेदहाला राख.
कुत्रं आहे का घरात?
उजेडात फिरवून आणा. मग जवळ बसा. बाकी काही नको."
मग थोडं ओशाळून,
"माझी शेळी मी दरवर्षी बहिणीकडं धाडतो. शिरवळला."

तसंच केलं. सहाला टेकडी, सातला दहीभात,
आठला तो खडखड्या कूलर
ज्याची दुरुस्ती उन्मेषनं मुद्दाम लांबवली होती.
शाल्मली सुती फ्रॉक आणि बूट घालून
दोन फुलबाज्या मुठीत धरून गच्चीवर निघाली,
"जळकी तार बादलीत, जळकी तार बादलीत,"
स्वतःलाच बजावत.
मामानं आणलेले सुतळी बाँब
मी दुपारीच पाण्यात बुडवले होते.
मामा अजून बोलत नाही.

नऊ.
पहिला बार छातीत वाजला, कानात नंतर.
बटर कपाटामागच्या बेचक्यात शिरला.
मीही शिरले, जमेल तेवढी,
गुडघे हनुवटीला, पाठीला इस्त्रीची फळी.
त्याचं काळीज माझ्या मांडीवर टकटकत होतं,
कचेरीबाहेरच्या टाइपरायटरवर कुणी अर्ज बडवावा तसं,
एकच ओळ, पुन्हा पुन्हा.
वर गच्चीत माणसं "आऽऽऽ" करत होती.
"अगं हिरवं बघ, हिरवं!"
त्यातला शाल्मलीचा आवाज मी वेगळा काढला.

चार वर्षं मी दारूकाम पाहिलेलं नाही.
वाईट वाटतं का?
वाटतं. मी सूसचीच पोर.
बापाच्या खांद्यावरून पाहिलेला औटगोळा
अजून कधीकधी झोपेत फुटतो माझ्या.
पण काल
गोधडीच्या विरलेल्या टाक्यांतून
बोटभर उजेड आत आला,
आईच्या लुगड्याच्या एका तुकड्यावर जांभळा झाला,
शेजारच्या ठिगळावर केशरी,
आणि विझला.
बटरनं तो पाहिला नाही. त्याचं तोंड माझ्या काखेत होतं.

पावणेदहाला खरंच थांबलं.
नऊ अठ्ठेचाळीसला एक चुकार बार झाला.
तो डाव्या कानाच्या हिशेबात गेला असावा.

सकाळी माळावर जळक्या कागदाचा वास होता.
पोरांना हाकलत हुसेनभाई
न पेटलेल्या नळ्या एकेक वेचून पिंपात बुडवत होते.
बटरनं एका बाणाची काठी हुंगली,
फार वेळ, ओळख पटवल्यासारखी,
मग शांतपणे पाय वर केला.
शाल्मली खिदळली.
हुसेनभाईंनी उजवा कान इकडं वळवला,
कशाला हसतेय ते पाहिलं,
आणि म्हणाले,
"शेळी उद्याच्या एस्टीनं येतेय."